दरबारात जन्मले, लोकांनी जगवले : विष्णुदास भावे यांची जीवनकथा

नोव्हेंबर महिना उजाडला की आम्हा सीमावासीयांच्या मनात एक तारीख जागी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी हा सारा मराठी मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. तेव्हापासून हा दिवस आपण काळा दिन म्हणून पाळतो. दंडाला काळी फीत बांधतो, फेरी काढतो, सभेला जातो. त्यानंतर चारच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिन येतो. तो मात्र आपल्याकडे शाळेच्या फळ्यावरील दिनविशेषापुरता उरला आहे. यंदा आम्ही मुद्दाम या दुसऱ्या तारखेविषयी लिहीत आहोत. कारण ज्या गृहस्थामुळे हा दिवस साजरा होतो, त्या विष्णुदास भावे यांच्या आयुष्यात आपल्या भाषेच्या प्रश्नावरचे एक उत्तर दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

देपालपूरची आठवण

सांगलीला जाण्यापूर्वी वाचकांना आम्ही थोडे दूर, माळव्यात नेणार आहोत. काही वर्षांपूर्वी नात्यातील एका लग्नासाठी आम्ही इंदूरला गेलो होतो. लग्न आटोपल्यावर तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या देपालपूरला जाण्याचा योग आला. हा सारा होळकरांचा मुलूख. जवळच्या गौतमपुरा गावाचे नावच मुळी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यावरून पडलेले. एके काळी या भागातून सरदार, कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी कितीतरी मराठी घरे वसली होती. सरकारी कागद मराठीत, तोही मोडीत, लिहिला जात होता.

तेथे एका वृद्ध गृहस्थांच्या घरी आम्ही चहाला बसलो. आडनाव अस्सल मराठी. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. गृहस्थ स्वतः मोडकेतोडके मराठी बोलत होते, मुलगा समजून घेत होता, पण उत्तर माळवीत देत होता. संध्याकाळी नातवंडांनी गणपतीची आरती खड्या आवाजात म्हटली. आम्ही कौतुकाने एका ओळीचा अर्थ विचारला, तेव्हा मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यांना अर्थ येत नव्हता.

या घराला कोणी मराठी बोलू नका म्हणून बजावले नव्हते. तेथे मोर्चा नव्हता, लाठी नव्हती, फलकांचा वाद नव्हता. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. कागदाची भाषा बदलली, शाळेची बदलली, आणि पुढे घरातलीही हळूहळू पातळ होत गेली. इंदूर शहरात मराठी माणसांनी आपले गणेशोत्सव, आपल्या संस्था, आपली हौशी नाटके चालवली, म्हणून तेथे भाषा तग धरून राहिली. देपालपूरसारख्या लहान गावात तेवढी माणसेही नव्हती आणि तशी संस्थाही नव्हती. परतीच्या प्रवासात आमच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. राजाच्या आश्रयाने वाढलेल्या गोष्टीचे, राजा गेल्यावर काय होते? या प्रश्नाचे दुसरे उत्तर आम्हांला विष्णुदासांच्या चरित्रात सापडले.

सांगलीचा दरबार

विष्णु अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमारास सांगलीचा. वडील अमृतराव हे सांगली संस्थानच्या नोकरीत होते. संस्थानचे अधिपती होते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मिरजेच्या पटवर्धनांत वाटण्या झाल्या, तेव्हा आप्पासाहेबांनी सांगलीला आपली गादी केली. गणेशदुर्ग किल्ला आणि कृष्णाकाठचे गणपतीचे मंदिर ही त्यांचीच कामे.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. सांगली संस्थान केवळ कृष्णाकाठापुरते नव्हते. आज बेळगाव शहराचा भाग असलेले शहापूर हे सांगलीकरांचे होते. तेरदाळ, शिरहट्टी हा कानडी मुलूखही त्यांच्याच ताब्यात होता. म्हणजे आप्पासाहेबांच्या प्रजेत मराठी बोलणारे होते, तसेच कानडी बोलणारेही होते.

लहानग्या विष्णूचे शाळेत फारसे लक्ष लागत नसे. त्याला नाद लाकूड कोरण्याचा, बाहुल्या करण्याचा, गोष्टी रचण्याचा आणि पदे जुळवण्याचा. अशा मुलाला घरात आणि गावात काय ऐकावे लागते, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पुढे हाच मुलगा मराठी नाटकाचा जनक ठरला, हे आठवले की वर्गातल्या मागच्या बाकाकडे पाहण्याची आमची नजर थोडी बदलते. आप्पासाहेबांनी मात्र या तरुणाच्या हातातले आणि गळ्यातले कसब हेरून ठेवले होते.

कर्कीची मंडळी

१८४२ मध्ये सांगलीला एक मंडळी आली. ती होती उत्तर कन्नड जिल्ह्यातील, होन्नावरजवळच्या कर्की गावची. आपल्या कारवारकडील वाचकांना हे गाव परके नाही. या भागवत मंडळींचा खेळ म्हणजे आज आपण ज्याला यक्षगान म्हणतो तो. भागवत पदे गाऊन कथा पुढे नेतो, मद्दळे आणि चंडे घुमत असतात, आणि डोक्यावर मोठाले मुकुट, अंगावर लखलखते साज चढवलेली पात्रे नाचत, बोलत कथा उभी करतात.

आप्पासाहेबांनी हा खेळ पाहिला. त्यांना तो आवडला, पण त्यात आरडाओरडा आणि उड्या फार आहेत, रचना नेटकी हवी, असेही वाटले. हीच कल्पना घेऊन, नीट बांधणी करून, आपल्या मराठीत असा खेळ का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात आला आणि ते काम त्यांनी विष्णुदासांवर सोपवले. तेव्हा विष्णुदास ऐन पंचविशीच्या आत-बाहेर होते. पुढ्यात ना पुस्तक, ना नाट्यगृह, ना मराठीत रुळलेला कुठला नमुना. होती ती एका संस्थानिकाची इच्छा आणि एका कानडी मंडळीने दाखवलेली वाट.

हे आम्ही मुद्दाम ठळकपणे लिहीत आहोत. मराठी रंगभूमीने पहिले पाऊल टाकले ते कानडी कलेचे बोट धरून. यात लपवण्यासारखे काही नाही आणि कमीपणाही नाही. आपला झगडा आपल्या गावातील मुलाला मराठी शाळा मिळावी, कागद मराठीत मिळावा, यासाठी आहे. तो शेजारच्या कानडी माणसाशी नाही आणि त्याच्या भाषेशी तर नाहीच नाही. ज्याला स्वतःच्या भाषेचे मोल कळते, त्याला दुसऱ्याच्या भाषेचे ऋण मानायला संकोच वाटत नाही.

पहिला प्रयोग

विष्णुदासांनी रामायणातील सीतेच्या स्वयंवराचे आख्यान निवडले. पदे रचली, चाली बसवल्या, पात्रे निवडली आणि एकेकाला शिकवून तयार केले. यातली पात्रांची अडचण सर्वांत मोठी होती. तोंडाला रंग लावून नाचणे हे त्या काळी घरंदाज माणसाचे काम समजले जात नसे. त्यातून पुरुषानेच लुगडे नेसून सीता व्हायचे. जातभाई नावे ठेवतील, पंक्तीला घेणार नाहीत, ही धास्ती खरी होती. पण खुद्द अधिपतींचीच आज्ञा आणि त्यांचाच आधार असल्यामुळे मुले पुढे आली. खर्चही दरबारनेच उचलला.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात आप्पासाहेबांसमोर सीतास्वयंवर या नाटकाचा प्रयोग झाला. मराठी रंगभूमी दिन साजरा होतो तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ.

हा खेळ कसा असे, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. आरंभी सूत्रधार साथीदारांसह मंगलाचरण म्हणे. मग वनचराच्या वेषात विदूषक येऊन सूत्रधाराशी थट्टामस्करी करी. मग गणपती येई आणि विघ्ने दूर करण्याचे आश्वासन देई. त्यामागून मयूरावर बसलेली सरस्वती नाचत येऊन आशीर्वाद देई. एवढे झाल्यावर मुख्य आख्यान सुरू होई. सगळी पदे सूत्रधारानेच म्हणायची. पदात जो प्रसंग आला असेल, त्यावर पात्रे आपल्या बुद्धीप्रमाणे भाषण करीत. भाषणे लिहून पाठ केलेली नसत. देव, ऋषी, स्त्रिया आणि राक्षस असे पात्रांचे ठरीव वर्ग असत. राक्षस तलवारी परजत, मोठ्याने ओरडत रंगणात उतरले की लहान मुले आईच्या कुशीत शिरत. त्या आरोळीवरूनच पुढे या नाटकांना अललडुर्र नाटके असे गमतीचे नावही पडले.

आज हे ऐकून हसू येईल. पण सूत्रधाराच्या पदाला जोडून स्वतःचे मराठी वाक्य तिथल्या तिथे उभे करणे, ही लहान गोष्ट नव्हती. कीर्तनकार एकटा बोलतो. येथे दहा-पंधरा माणसे आपसांत मराठीत बोलत होती आणि ते बोलणे हाच खेळ होता.

पहिला प्रयोग आप्पासाहेबांच्या पसंतीस उतरला. मग विष्णुदासांनी रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील आख्याने एकामागून एक रचली. काही वर्षे हे नाटक सांगलीच्या दरबारच्या छायेत वाढले.

आश्रय सुटला

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि सगळे चित्र पालटले. आप्पासाहेबांनी नाटकासाठी जे योजले होते, ते पुरे झाले नाही. नव्या कारभारात दरबाराचा हात आखडला. विष्णुदासांजवळ उरले ते शिकून तयार झालेली माणसे, पोशाखांचे पेटारे आणि डोक्यावरचे कर्ज.

येथे आम्हांला तंजावरची आठवण येते. सांगलीच्या दीडशे वर्षे आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजी राजांनी स्वतः मराठीत नाटके लिहिली. लक्ष्मीनारायण कल्याण हे त्यांपैकी एक. तेथे राजाच लेखक होता, दरबार हेच प्रेक्षागृह होते आणि कलावंतांना कशाची वाण नव्हती. पण ते नाटक वाड्याच्या चौकाबाहेर येऊन मराठी मुलुखात पसरले नाही. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. नाटकांच्या पोथ्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिल्या, अभ्यासकांच्या कामी आल्या, पण त्यांतून मंडळी उभी राहिली नाही.

सांगलीचे नाटकही त्याच वाटेने गेले असते. विष्णुदासांना दुसरी एखादी नोकरी धरता आली असती. पेटारे विकून थोडे कर्ज फेडता आले असते. पदांची वही फडताळात ठेवून, आमचे नाटक श्रीमंतांनी पाहिले होते, एवढ्या आठवणीवर जन्म काढता आला असता. तसे त्यांनी केले नाही. खेळ घेऊन सांगलीबाहेर पडायचे, असे त्यांनी ठरवले.

गावोगाव

त्या काळी बाहेर पडणे म्हणजे काय, याचा विचार करावा. आगगाडी नव्हती. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली तीच मुळी १८५३ च्या एप्रिलमध्ये. माणसे, पेटारे, वाद्ये, सारे बैलगाडीत घालून घाट उतरायचे. गावात कोणाच्या वाड्यात, कोणाच्या अंगणात जागा मागायची. पलित्यांच्या उजेडात रात्रभर खेळ करायचा आणि उजाडल्यावर पुढच्या गावाची वाट धरायची.

पुण्याला खेळ झाले, आणि १८५३ च्या आरंभी मंडळी मुंबईत पोहोचली. मुंबईत ग्रँट रोडवर जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर उभे राहिलेले नाट्यगृह होते. तेथे इंग्रजी नाटके होत. त्याच रंगमंचावर मार्च १८५३ मध्ये विष्णुदासांच्या मंडळीने तिकीट लावून मराठी खेळ केला. दहा वर्षांपूर्वी एका राजासाठी केलेला खेळ आता पदरचे पैसे मोजून आलेल्या माणसांसाठी होऊ लागला. खेळ आवडला तर माणूस पुन्हा येई, नाही आवडला तर येत नसे. विष्णुदासांचे पोट आता या माणसांवर अवलंबून होते. त्याच सुमारास मुंबईतील निरनिराळ्या भाषांच्या प्रेक्षकांसाठी त्यांनी गोपीचंदाचे आख्यान हिंदीतही करून दाखवले. भाषेचा अभिमान असणारा माणूस दुसऱ्या भाषेत पाऊल टाकायला कचरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

एक मंडळी चालते हे दिसल्यावर दुसऱ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशी गावांची नावे लावून मंडळ्या फिरू लागल्या. आणि याचे पुढचे फळ तर आपल्या दाराशीच आहे. ज्या १८४३ सालात सीतास्वयंवर झाले, त्याच सालात बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. बेळगावात असताना त्यांनी नाटकाचा नाद केला आणि १८८० मध्ये पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे शिक्षण बेळगावचे. सीमाभाग हा मराठी नाटकाचा प्रेक्षकच नव्हता, तर त्याचे माहेरही होता, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

अखेरची वर्षे

सुमारे दहा वर्षे गावोगाव फिरल्यावर, १८६० नंतरच्या काळात विष्णुदासांनी मंडळीचा कारभार सोडला आणि ते सांगलीत राहिले. पुढील नाटके बदलली. लिहून पाठ केलेली भाषणे आली, इंग्रजी आणि संस्कृत नाटकांची भाषांतरे आली, गाणारे नट आले. विष्णुदासांची पद्धत जुनी झाली. ते त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. १८८५ मध्ये त्यांचा नाट्यकवितासंग्रह छापून निघाला. त्यात सुमारे पन्नास आख्यानांची पदे आहेत आणि आपण हे काम कसे आरंभले याची हकीकतही त्यांनी लिहून ठेवली आहे. ती नसती तर या लेखातील बरीच माहिती आज कोणालाच नसती.

लहानपणीचा बाहुल्यांचा नाद त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही. त्यांनी कोरलेल्या लाकडी बाहुल्या पुढील पिढ्यांनी जपल्या आणि शंभरावर वर्षांनंतर त्या पुन्हा रंगमंचावर नाचवल्या गेल्या. ९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदास भावे सांगलीत वारले. त्यांच्या नावाचे गौरवपदक सांगलीत रंगकर्मींना दिले जाते आणि मराठी नट ते मोठ्या मानाने स्वीकारतात.

आपण काय करायचे

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सीमाभागातील आमची पिढी लहानाची मोठी झाली ती एका आशेवर. निकाल लागेल आणि मग सारे ठीक होईल, ही ती आशा. महाजन आयोग झाला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा लढा न्याय्य आहे आणि समितीचे काम करणारे आम्ही तो सोडा असे कदापि म्हणणार नाही. पण निकालाची वाट पाहता पाहता आपल्या हातातले काम राहून जाते, हेही आम्ही शाळेत रोज पाहतो. फेरीत पुढे चालणाऱ्या कितीतरी घरांतील मुले मराठी शाळेच्या पटावर नाहीत. हे लिहिताना आम्हांला आनंद होत नाही. आमच्याच घरात हा वाद झालेला आहे, म्हणून लिहितो.

विष्णुदासांना आप्पासाहेब लाभले नसते, तर नाटक सुरूच झाले नसते. राजाश्रयाचे मोल आम्ही नाकारत नाही. सरकार आपल्या भाषेचे असावे, ही मागणी त्याचसाठी आहे. पण आप्पासाहेब गेल्यावर ज्या पन्नास-शंभर अनोळखी माणसांनी एका संध्याकाळी तिकीट काढले, त्यांनी ते नाटक वाचवले. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. सीमाभागातील मराठीला आज गरज आहे ती अशा माणसांची.

म्हणून वाचकांना आमची विनंती साधी आहे. गावच्या यात्रेत ध्वनिवर्धकावर गाणी लावण्याऐवजी एक रात्र नाटकासाठी ठेवा. पूर्वी आपल्या प्रत्येक गावात ती रीत होती आणि पडदे रंगवणारे, पेटी वाजवणारे गावातच मिळत. तरुण मंडळाने नाटक बसवले तर दहा-वीस रुपयांचे का होईना, तिकीट काढून पाहा. फुकट पाहिलेल्या गोष्टीची आपण काळजी घेत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक मराठी नाटुकले झालेच पाहिजे, असा पालक म्हणून आग्रह धरा. शेजारच्या कानडी घरालाही पहिल्या रांगेत बोलवा. कर्कीच्या मंडळींचे तेवढे देणे आपल्याकडे आहेच. आणि सगळ्यांत आधी, येत्या जूनमध्ये मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालायचे, याचा निर्णय घेताना पाच मिनिटे अधिक विचार करा.

देपालपूरच्या त्या घरातील नातवंडे आम्हांला अजून आठवतात. आवाज चांगला होता, आरती पाठ होती, ताल चुकत नव्हता. फक्त अर्थ विचारल्यावर ती गप्प झाली. आपल्या नातवंडांना कोणी अर्थ विचारला, तर त्यांना सांगता आला पाहिजे. यंदाच्या ५ नोव्हेंबरला निदान एवढे तरी घरात बोलावे.